उमलायच्या आधीचं काम

गजऱ्याला उमललेला मोगरा चालत नाही. आमच्याकडे मोगऱ्याची कळी येते ती मिटलेली, टपोरी, चिमटीत दाबली तर टणक लागणारी. उन्हं वर यायच्या आत ती शेतातून खुडलेली असते आणि दुपार कलायच्या आत तिचा गजरा बांधून व्हावा लागतो, कारण संध्याकाळ झाली की ती उमलणारच. मग ती कुणाच्या अंबाड्यावर असो की आमच्या करंडीत. अंबाड्यावर उमलली तर घालणारीची संध्याकाळ घमघमते. करंडीत उमलली तर सकाळपर्यंत गजरा तांबूस पडतो आणि निर्माल्यात जातो. गिऱ्हाईक उमललेली फुलं बघायला येतं, पण आमचं काम फूल उमलायच्या आधीचं आहे. कुठलं फूल कधी उघडेल, किती वेळ टिकेल आणि कधी मान टाकेल याचा अंदाज ज्याला आला त्याला हा धंदा आला, असं मी मानते. हार गुंफायला चार महिन्यांत कोणीही शिकतं. अंदाज यायला वर्षं जातात.

पुण्याच्या पेठेतलं आमचं दुकान आजोबांच्या वेळचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते पहाटे गुलटेकडीला, मार्केट यार्डातल्या फुलबाजारात जायचे आणि आत्या घरी गजरे बांधायची. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी दोघांच्या हाताखाली काम केलं आणि कॉलेज संपल्यावर दुकानातच बसले.

फुलबाजारात प्रत्येक फुलाचं माप वेगळं. झेंडू, शेवंती आणि सुटी गुलछडी किलोवर. गुलाब गड्डीवर, अ‍ॅस्टर जुडीवर, लिली बंडलवर, अबोली लडीवर. डच गुलाबाची गड्डी वीस नगांची. नवख्या माणसाला भावाआधी ही मापं शिकावी लागतात. अण्णा मात्र भाव विचारायच्या आधी पोत्यात हात घालायचे. वरचा झेंडू सगळेच बघतात. अण्णांचा हात कोपरापर्यंत आत, तळाशी जायचा. तळाचा माल कोमट लागला की ते एक शब्द न बोलता पुढच्या गाळ्यावर. फूल तोडल्यावरही त्याचा श्वास चालू असतो. दाबून भरलेल्या पोत्यात रात्रभर ती ऊब कोंडते आणि सकाळपर्यंत आतली फुलं शिजल्यासारखी होतात. वरून ताजी दिसतात, पण संध्याकाळी तोरणातून पाकळ्या गळायला लागतात. पोतं गार लागलं तर दुसरी पारख. एक फूल उपडं करायचं आणि देठाकडची हिरवी वाटी दाबून बघायची. घट्ट असेल तर माल आजचा, मऊ असेल तर कालचा. मी आजही हेच करते. माझा हात बाहेर येईपर्यंत आडत्यांची पोरंही भाव बोलत नाहीत.

पावसाळ्यात बाजारात ओला झेंडू आणि कोरडा झेंडू असे दोन भाव निघतात. ओल्या झेंडूबरोबर पाणीही तोललं जातं, आणि ते पाणी पाकळ्यांत राहिलं की दुसऱ्या दिवशी फूल काळं पडतं. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी झेंडू तोडणीला येतो. म्हणून शेतकरी दसऱ्याची तारीख धरून मागे मोजत लावणीचा दिवस ठरवतो. एवढं मोजूनमापून पीक उभं करायचं आणि ऐन तोडणीच्या दोन दिवसांत पाऊस यायचा, हे मी फार वेळा बघितलंय. अशा वर्षी ट्रकच्या ट्रक ओला माल येतो आणि दुपारनंतर त्याला कोणी हात लावत नाही. दसऱ्याला झेंडू महाग म्हणून कुरकुरणारी माणसं मला भेटतात. त्यांनी त्या दिवशी दुपारी मार्केट यार्डात यावं आणि रिकामं बारदान झटकून गाडीत टाकणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा बघावा.

आत्याच्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तसं काम करणारे हात आता कमी उरलेत. सुईने ओवलेला गजरा पटकन होतो, पण कळीला भोक पडतं आणि तिथूनच ती तपकिरी व्हायला लागते. आत्या ओवत नसे, बांधायची. केळीच्या सोपटाचा दोरा भिजवून ठेवलेला असे. त्याचं एक टोक डाव्या हाताच्या बोटांत धरायचं. दोन कळ्यांची तोंडं उजवीकडे, दोन कळ्यांची डावीकडे, देठांवर देठ. वरून दोऱ्याचा फास टाकायचा आणि ओढायचा. सगळं कसब त्या ओढण्यात. सैल राहिला तर कळ्या गळतात. जास्त ओढला तर देठ चिरतो, आणि मग ती कळी उमलत नाही, मिटलेलीच वाळते. फासाखाली देठ किंचित दबल्याचं बोटाला कळतं, तिथे थांबायचं. शेजारणीशी गप्पा मारता मारता आत्याचे हात हे आपोआप करायचे. नव्याने शिकणाऱ्या मुली गजरा भरगच्च दिसावा म्हणून कळ्या दाटून बांधत. आत्या त्यांचा गजरा हातात घेऊन म्हणायची, ‘‘अगं, उमलायला जागा ठेव की तिला.’’ दुपारी तिचा गजरा विरळ दिसायचा. संध्याकाळी सातला तोच गजरा बघावा, मधला दोरा शोधून सापडायचा नाही.

केळीच्या दोऱ्याचे गुण सुती दोऱ्यात तेवढे नाहीत. केळीचा दोरा ओलावा धरून ठेवतो, देठ कापत नाही आणि फुलांबरोबरच कुजून जातो. पण तो सोलून, चिरून, भिजवून तयार करण्यात वेळ जातो. सुती दोऱ्याचं रीळ दुकानात मिळतं. त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी सुती दोराच दिसतो. आम्ही लग्नाच्या गजऱ्यांना अजून सोपट वापरतो.

प्रत्येक फुलाची वेळ वेगळी असते आणि ती पाठ असावी लागते. जास्वंद एका दिवसाचं फूल. पण तिची पक्व कळी आदल्या संध्याकाळी खुडून ठेवली तरी सकाळी ठरल्याप्रमाणे उघडते. गणपतीच्या दिवसांत सगळं काम त्यावर चालतं. लिलीच्या लांब पांढऱ्या कळ्या मिटलेल्या असेपर्यंतच हारात शोभतात; उमलल्या की हाराची रेघ बिघडते, म्हणून लिलीचा हार शेवटी करायला घ्यायचा. गुलछडीची काडी खालून वर उमलत जाते. खालची दोन-तीन फुलं उघडलेली आणि बाकी कळ्या, अशी काडी घरी नेली तर आठवडाभर पुरते. तिचा वास रात्री वाढतो, म्हणून संध्याकाळच्या कार्याला ती हवीच. अबोलीला वास नाही, पण टिकायला तिच्यासारखी चिवट दुसरी नाही. सकाळी माळलेली रात्रीपर्यंत रंग सोडत नाही. आणि प्राजक्त बाजारात येतच नाही म्हटलं तरी चालेल. पहाटे गळतो आणि ऊन चढेपर्यंत मलूल होतो. तो अंगणातून थेट देवघरात जावा, मध्ये दुकान नको.

वेळेच्या बाबतीत सगळ्यात कडक फूल मी बघितलं ते सुरंगी. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. तिथे आसोलीच्या बाजूला सुरंगीची जुनी झाडं आहेत. फुलं येतात ती फांदीच्या सालीलगत, झुबक्याने, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. कळ्या भल्या पहाटे काढायच्या. ऊन लागून त्या उघडल्या की वळेसार, म्हणजे गजरा, करता येत नाही. मामी अंधारात झाडाखाली जायची, मामा वर चढलेला असायचा आणि खाली आणलेल्या कळ्या ओसरीवर सगळं घर मिळून ओवायला घ्यायचं. त्या वेळी कोणी चहाला उठत नसे. सकाळी वळेसार बाजारात पोचले की वेंगुर्ले-सावंतवाडीच्या बसमध्येसुद्धा तो वास भरून राहायचा. न विकलेली सुरंगी वाळवून ठेवतात. सुकली तरी तिचा वास जात नाही. मोगरा हे करू शकत नाही. पुण्यात सुरंगी मागणारी कोकणी गिऱ्हाइकं येतात आणि मला त्यांना नाही म्हणावं लागतं. हे फूल झाडापासून फार लांब नेण्यात अर्थ नाही.

लग्नाच्या हारांना वीतभर लांब सुई लागते. गुलाबाच्या पाकळ्यांचा हार करताना एक-एक पाकळी दुमडून सुईवर घ्यायची, दाबत न्यायची, पुन्हा दुमडायची. पाकळी बाहेरून तिसऱ्या-चौथ्या फेरीतली घ्यावी. अगदी बाहेरच्या डागी असतात, आतल्या लहान. अशा दोन हारांना कितीतरी गड्ड्या लागतात आणि दोघी जणी अर्धा दिवस बसतात. म्हणून हार सांगायला आलेल्या माणसाला मी आधी विचारते, हार गळ्यात किती वाजता पडणार? बहुतेक जण ‘सकाळी’ किंवा ‘संध्याकाळी’ म्हणतात. तेवढ्याने भागत नाही. सकाळी अकराच्या मुहूर्ताचा हार आम्ही पहाटे करायला घेतो. गोरज मुहूर्ताचा हार दुपारी. कार्यालय बंद आणि वातानुकूलित आहे की लग्न लॉनवर आहे, तेही विचारावं लागतं, कारण एसीची कोरडी हवा पाकळीच्या कडा तासाभरात सुकवते. हार पोचवताना मी सोबत ओलं, पिळलेलं मलमलचं फडकं देते आणि सांगते की फ्रिजमध्ये ठेवू नका, घातलाच तर फळांच्या शेजारी तरी ठेवू नका.

हे फळांचं मी नंतर शिकले. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो. केळी पिकवायलाही तोच वापरतात. कार्नेशनला तो लागला की पाकळ्या आत वळतात आणि फूल मिटतं, ते परत उघडत नाही. पॉलिहाउसची फुलं दुकानात यायला लागली तेव्हा असं पुष्कळ नव्याने शिकावं लागलं. मावळात तळेगाव दाभाडेच्या परिसरात पॉलिहाउसं उभी राहिली आणि डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन रोजचे झाले. अण्णांना या फुलांशी बोलता यायचं नाही, असं ते म्हणत. पण त्यांची पारखायची सवय तिथेही उपयोगी पडली. डच गुलाबाच्या कळीला चिमटीत धरून किंचित दाबायचं. टणक असेल तर अजून आठवडा आहे, पोकळ लागली तर परवा उघडून झडणार.

या कामाची हत्यारं वेगळी. धारदार कात्री, सिकेटर, बारीक तार, हिरवी टेप, पाण्याच्या उंच बादल्या. माल आला की आधी प्रत्येक काडीचं टोक तिरकं कापायचं, शक्यतो पाण्यात बुडवून. हवेत कापलं की टोकातून हवा आत शिरते आणि पाण्याची वाट अडते. गुलाब मान टाकतो तो बहुतेक वेळा यामुळे, नाहीतर बादलीच्या शिळ्या पाण्यातल्या जंतूंमुळे. त्याला टाकून देऊ नये. काडी पुन्हा कापायची, फूल वर्तमानपत्राच्या कागदात ताठ गुंडाळायचं आणि मानेपर्यंत कोमट पाण्यात उभं करायचं. दोन तासांत बऱ्याच गुलाबांची मान परत उभी राहते. पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं लिंबू घालतात, साखर फुलाला आणि आंबटपणा जंतूंना. जरबेऱ्याची काडी मऊ, म्हणून तिला तारेचा आधार. थंडीचंही प्रत्येकाचं वेगळं आहे. गुलाब, कार्नेशनला २ ते ४ अंश सेल्सिअस मानवतं. त्याच थंड कपाटात ऑर्किड किंवा अँथुरियम ठेवलं तर काळं पडतं, त्यांना १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नये.

बुके आणि मंचाच्या सजावटीला फोमची हिरवी वीट वापरतात, तिला आम्ही ओअ‍ॅसिस म्हणतो. १९५४ साली अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी ती बाजारात आणली. वापरायला फार सोयीची. पाण्यावर ठेवायची आणि तिची ती बुडू द्यायची. हाताने दाबून बुडवली तर मध्यभागी कोरडी राहते आणि तिथे खोचलेलं फूल दुपारीच सुकतं. एकदा काढलेली काडी त्याच भोकात परत खोचायची नाही. हे सगळं मी शिकले, वापरलं आणि शिकवलंही. आता आम्ही ती वीट वापरत नाही. ती कुजत नाही, हाताळताना तिचा भुगा होतो आणि तो भुगा पाण्याबरोबर गटारात जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला बंदी केली. आपल्याकडे मांडववाले पूर्वी केळीच्या खुंटाचे तुकडे वापरत. त्यात काडी खोचली की ती जागची हलत नाही आणि आतल्या ओलाव्यावर दिवसभर टवटवीत राहते. आम्ही मोठ्या सजावटीला केळीचा खुंट वापरतो आणि छोट्या भांड्यांत गुंडाळी केलेली तारेची जाळी. कामाला वेळ थोडा जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी खुंट गोठ्यात किंवा खतात जातो.

आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांचे हात बघितले तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या दिसतील, कारण दिवसभर हात ओले. तर्जनीवर दोऱ्याचा वण. झेंडूच्या दिवसांत नखं पिवळी. त्यांना लडीवर किंवा हारावर पैसे मिळतात, आणि हार स्वस्त मागितला गेला की कपात पहिल्यांदा त्यांच्या मजुरीत होते. म्हणून मी हाराच्या भावात घासाघीस करू देत नाही. फुलाचा भाव रोज बदलतो, त्यावर बोला. गुंफण्याचा भाव बदलणार नाही. २०२०च्या टाळेबंदीत देवळं बंद झाली, लग्नं थांबली आणि शेतकऱ्यांनी उभ्या फुलांवर नांगर फिरवला. त्या महिन्यांत यांतल्या कितीतरी जणी धुणीभांडी करायला गेल्या आणि काही परत आल्याच नाहीत. त्यांच्याबरोबर बांधायची ती ओढही गेली.

प्लास्टिकच्या फुलांबद्दल लोक माझं मत विचारतात. देवापुढे वर्षभर एकच हार धूळ खात लटकतो, ते मला बघवत नाही. फूल वाहायचं ते आज उमललेलं. उद्या ते काढायचं आणि दुसरं वाहायचं. त्या रोजच्या एका हारावर शेतकऱ्यापासून आत्यापर्यंत किती घरं चालतात, ते मी आयुष्यभर बघत आलेय.

हल्ली एक नवी अडचण येते. मोबाइलवर फोटो घेऊन लोक येतात. गेल्या मार्गशीर्षात एक बाई मुलीच्या लग्नासाठी मोगऱ्याच्या चादरीचा फोटो घेऊन आल्या. थंडीत आपल्याकडचा मोगरा जवळजवळ थांबलेला असतो. दक्षिणेतून जो थोडा येतो तो बर्फात, लांबचा प्रवास करून येतो आणि पेटी उघडल्यावर त्याची उमलायची वेळ कोणालाच सांगता येत नाही. त्या दिवसांत बाजारात मोगऱ्याच्या जागी कागडा असतो. पांढरी कळी, गजरा दिसायला तसाच, पण वास नाही. काही जण तोच मोगरा म्हणून खपवतात. मी त्या बाईंना दोन्ही कळ्या तळहातावर ठेवून वास घ्यायला सांगितलं. मग शेवंती दाखवली. शेवंतीला रात्र मोठी व्हायला लागल्याचं कळतं, तेव्हाच ती कळी धरते. थंडी हाच तिचा काळ. आम्ही चादर गुलछडीच्या कळ्यांची केली आणि मुलीच्या अंबाड्याला पिवळ्या शेवंतीची वेणी. लग्न संध्याकाळचं होतं. गुलछडी वेळेवर उमलली.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात कार्य ठरलं की फोटो जरूर बघा, पण तुमच्या हारवाल्याकडे जाल तेव्हा आधी महिना सांगा आणि त्या महिन्यात काय फुलतं ते त्यालाच विचारा. चैत्र-वैशाखात मोगरा मागा, पावसाळ्यात गुलछडी, मार्गशीर्षात शेवंती. पैसे कमी लागतील आणि फूल तुमच्या घरी येऊन उमलेल.